चहाटळ प्रश्न: डोंगरातला ऑरगॅनिक चहा, खरा किती आणि कोणाचा

गेल्या अंकात दार्जिलिंगच्या बाजूला एका शेतकरी बाईंच्या घरी चार दिवस राहून आले त्याबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. घरामागे उतारावर दीड एकर चहा, मधेमधे वेलदोडा आणि संत्र्याची झाडं, दोन गायी, रासायनिक खत नाही की फवारणी नाही, आणि येताना मी अर्धा किलो चहा घेऊन आले, बस एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॅप आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाका. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, ज्यांचे राहिले त्यांनी रुसू नका. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

पुण्याहून एक वाचक: ताई, तुमचं वाचून दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षाच्या पहिल्या तोडणीचा चहा मागवला, १०० ग्रॅमला ६५० रुपये. नेहमीसारखं आलं ठेचून, दूध-साखर घालून चांगला उकळला तर नुसतं कोमट दुधाचं पाणी! सासूबाई म्हणतात फसवलं तुला. खरंच फसले का?

अहो फसला नाहीत, त्या चहाचे मात्र हाल केलेत. आपण घरी जो दाणेदार चहा वापरतो तो सीटीसी, म्हणजे पान मशीनच्या दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून, गोळी करून काढलेला. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि आपला दूध घालून उकळलेला चहा तिच्यावरच उभा आहे, कारण त्या गोळ्या रंग आणि कडकपणा लगेच सोडतात. दार्जिलिंगच्या डोंगरातला चहा बहुतेक वेळा ऑर्थोडॉक्स असतो, म्हणजे पान चिरडत नाहीत, वळतात, आणि त्याचा जीव सगळा वासात असतो, तो आल्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या खाली गुदमरणारच ना.

असं करा, पाणी उकळा, गॅस बंद करून दीड-दोन मिनिटं थांबा, मग कपाला एक चमचा पान, झाकण, तीन मिनिटं, गाळा. दूध नको, साखर पहिल्या घोटानंतर ठरवा. तेच पान दुसऱ्यांदा वापरा, या वेळी मिनिटभर जास्त ठेवा. १०० ग्रॅममध्ये चाळीस-पंचेचाळीस कप सहज होतात, म्हणजे कप पडला साधारण १५ रुपयांना आणि दुसरं पाणी धरलं तर साडेसातला, तेवढ्यात टपरीवर कटिंगसुद्धा येत नाही आता. सासूबाईंना मात्र त्यांचा अमृततुल्य वेगळा करून द्या, भांडणं नकोत.

नाशिकहून एक द्राक्ष बागायतदार: पाकिटावर ऑरगॅनिक लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा का? आम्ही स्वतः शेतकरी आहोत, आम्हाला माहितीये कोण काय लिहितं ते.

तुमच्याइतकं हे कोणाला कळणार, २०१० ला रेसिड्यूवरून, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशावरून, आपली द्राक्षं युरोपात अडकली होती ते तुम्ही विसरला नसाल. चहाचं प्रकरण तर द्राक्षापेक्षाही नाजूक, कारण द्राक्ष निदान धुऊन खातो, चहाचं पान तोडल्यापासून कपात पडेपर्यंत कोणीच धूत नाही. फवारलेलं सगळं सुकून पानावर बसतं आणि आपण त्यावर गरम पाणी ओततो.

तर नुसता ऑरगॅनिक हा शब्द बघू नका, शिक्का बघा. भारतात दोन रस्ते आहेत, एक एनपीओपी, म्हणजे बाहेरची संस्था येऊन तपासते आणि सर्टिफिकेट देते, आणि दुसरा पीजीएस, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. दोन्हीसाठी पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा हिरवा 'जैविक भारत' लोगो लागतो. चहासारख्या कायमच्या पिकाला एनपीओपीमध्ये रासायनिक बंद केल्यापासून तीन वर्षं थांबावं लागतं, या तीन वर्षांत उतारा घटतो आणि भाव मात्र साध्या चहाचाच मिळतो. छोटा शेतकरी मोडतो तो इथे, फवारणी सुटत नाही म्हणून नाही, ही तीन वर्षं खायचं काय म्हणून.

आता मेख ही की मी ज्यांच्याकडे राहिले त्यांच्याकडे एकही शिक्का नव्हता. शिक्क्यासाठी फी, कागद, इन्स्पेक्टरचा येण्याजाण्याचा खर्च, दीड एकराला ते परवडत नाही. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला कायद्यानेच सर्टिफिकेटची सूट आहे, फक्त तो लोगो लावायचा नाही. म्हणजे शिक्का नाही म्हणून चहा खोटा असं नाही, पण मग तुम्हाला तो माणूस आणि त्याची बाग माहीत पाहिजे. माणूसही माहीत नाही, शिक्काही नाही आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात नॅचरल, प्युअर, हिमालयन, तर ठेवून द्या परत. मी स्वतः एका हिलस्टेशनच्या दुकानातून असला चहा आणलाय, पाकीट उघडलं तर व्हॅनिला आइस्क्रीमचा वास, आमच्याकडे तो शेवटी गुलाबाच्या कुंडीत गेला.

सांगलीहून एक वाचक: दीड एकर चहावर घर चालतं? आणि पान विकतात कुठे? आमच्याकडे दीड एकर ऊस म्हणजे कारखान्याच्या मागे फिरण्यात आयुष्य जातं.

दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. चहा आणि ऊस अगदी सख्खे भाऊ आहेत. ऊस तोडला की रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, घसरायला लागते तसं चहाचं पान तोडलं की काही तासांत पोत्यात तापायला लागतं, लाल पडतं, मग ते कवडीमोल. त्यामुळे ज्याच्याकडे फॅक्टरी त्याच्या हातात भाव. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आज छोट्या शेतकऱ्यांच्या पानाचा आहे, टी बोर्डाच्या हिशेबात १०.१२ हेक्टरपर्यंतचा तो छोटा, पण खरं तर बहुतेकांकडे एक-दोन एकरच. हे लोक पान विकतात बॉट लीफ फॅक्टरीला, म्हणजे जिची स्वतःची बाग नसते, पान विकत घेऊन चहा करते. मधे एजंट. सकाळी तोडलेलं पान संध्याकाळी एजंटच्या टेम्पोत, आणि किलोला काय मिळालं ते कधीकधी महिन्याने कळतं.

उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, म्हणून मागायला एक आकडा आहे, मिळतो न मिळतो ते सोडा. नीलगिरीत बडगा समाजाच्या शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये साखळी उपोषण केलं ते याचसाठी, किलोला किमान ३३.५० रुपये द्या म्हणून. एक किलो सुक्या चहाला साडेचार किलोच्या आसपास ओलं पान लागतं, करा हिशेब, म्हणजे त्यांनी मागितलेला भाव मिळाला तरी एक किलो चहामागे शेतकऱ्याला दीडशे रुपये, त्यात तोडणी, खत, वाहतूक सगळं.

म्हणून मला त्या घरातली गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या बाई निम्मं पान एजंटला देतात आणि निम्म्याचा चहा घरीच करतात. मी होते त्या दिवशी त्यांनी आणि सुनेने मिळून १३ किलो पान तोडलं, कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली, तिला डोको म्हणतात, आणि तोडायचं ते कोंब आणि त्याखालची दोन पानं एवढंच. रात्री माळ्यावर पसरलं. पहाटे साडेचारला मला उठवून वर नेलं आणि मूठभर पान नाकाशी धरलं, आदल्या संध्याकाळी कापलेल्या गवताचा वास होता तो गेलेला, आता पिकायला आलेल्या पेरूसारखा काहीतरी. झालं म्हणाल्या. मग नाङ्लोमध्ये, म्हणजे आपल्या सुपासारखी गोल बांबूची परडी, त्यात दोन्ही तळहातांनी पान दाबून वळायला सुरुवात, कणीक मळतात ना तसं पण कणकेपेक्षा हलक्या हाताने, कारण पान तुटलं तर चहा कडू. मी दहा मिनिटं केलं आणि मनगटं गेली. त्यांचे तळवे हिरवे नाहीत, काळपट तपकिरी झालेत, साबणाने जात नाही म्हणाल्या. १३ किलोचा चहा झाला तीन किलोला थोडा कमी. तो थेट विकला तर एजंटच्या कितीतरी पट पैसे हातात येतात, पण विकायला गिऱ्हाईक पाहिजे आणि ते वर्षभर येत नाही. दीड एकरावर घर चालतं का तर नाही चालत. गायीचं दूध, वेलदोडा, आणि मुलगा सिलीगुडीला गाडी चालवतो, सगळं मिळून चालतं.

आणि सहकाराचं विचाराल म्हणून सांगते, तिकडे तेही झालंय. दार्जिलिंगजवळ मिनरल स्प्रिंग नावाचा इंग्रजांच्या वेळचा मळा होता, तो बंद पडला, लोकांनी त्या जमिनीवर मका, भाजी, दूध करत पोट भरलं, आणि मग १९९० च्या दशकात संयुक्त विकास नावाची सहकारी संस्था काढून जुन्या चहाकडे परत वळले. ऑरगॅनिक आणि फेअरट्रेड, म्हणजे रास्त भावाचा शिक्का, दोन्ही. शेअर काढा, संचालक निवडा, सगळं तुमच्या ओळखीचं. फक्त तिथे कारखान्याचं चेअरमनपद आमदारकीची पायरी झालेली नाही, निदान माझ्या कानावर नाही!

ठाण्याहून एक वाचक: मग मोठ्या मळ्यांचा ऑरगॅनिक चहा घेऊच नये का? तिथे कामगारांना सगळं मिळतं असं ऐकलंय, घर, रेशन वगैरे.

असं सरसकट नाही म्हणता येणार. दार्जिलिंगमधल्या बऱ्याच मळ्यांनी ऑरगॅनिक खूप आधी केलं, आणि १९५१ च्या प्लांटेशन्स लेबर ॲक्टने घर, दवाखाना, पाळणाघर मळेवाल्यांवर बंधनकारकच केलं. पण रोख मजुरी बघा, पश्चिम बंगालमध्ये २०२३ ला ती वाढून दिवसाला २५० रुपये झाली. वाढून हं. आणि घर मिळतं म्हणजे राहायला मिळतं, नावावर नाही, चार-पाच पिढ्या मजुरांच्या घरांच्या त्याच ओळीत राहिलेल्या माणसाच्या नावावर घराखालची जमीन नाही, आणि घर टिकवायचं तर घरातल्या कोणीतरी मळ्यात कामाला गेलंच पाहिजे. तिकडे मळ्याला कमान म्हणतात, आणि कमानच्या बाहेर पळायचं हे तिथल्या प्रत्येक तरुण पोराचं स्वप्न.

म्हणून मला राग येतो तो ऑरगॅनिक म्हणजे आपोआप न्यायाचा असं जे धरलं जातं त्याचा. ऑरगॅनिक हा मातीचा शिक्का आहे, पगाराचा नाही. पाकिटावर बेडूक असेल तर तो रेनफॉरेस्ट अलायन्सचा, तो पर्यावरण आणि कामगार दोन्हीकडे थोडं थोडं बघतो पण तो ऑरगॅनिक नाही. फेअरट्रेडमध्ये शेतकऱ्यांच्या किंवा कामगारांच्या कमिटीला भावावर जादा पैसे मिळतात, ते चांगलं, पण ते गिऱ्हाइकाने फेअरट्रेडच्या भावात घेतलेल्या चहावरच, बाकीचा चहा साध्याच भावात जातो. दुकानदाराला मी एवढंच विचारते की बाग कुठली, तोडणी कुठल्या महिन्याची, आणि पानाला भाव काय दिला. तिसऱ्यावर बहुतेक जण गप्प होतात, जो आकडा सांगतो त्याच्याकडून घेते.

कोल्हापूरहून कॉलेजची एक मुलगी: मस्काटेल चहाला किडा चावलेला असतो असं रीलमध्ये बघितलं. ईईई. खरंय का?

खरंय ग, आणि ईईई करू नकोस, तिथेच तर सगळी मजा आहे. मे-जूनमध्ये, सेकंड फ्लशच्या म्हणजे दुसऱ्या तोडणीच्या वेळी, तुडतुड्यासारखा एक हिरवा बारीक किडा आणि फुलकिडे कोवळ्या पानातला रस शोषतात. पान आखडतं, कडा पिवळ्या-तपकिरी होतात, वाढ थांबते, आणि झाड स्वतःच्या बचावासाठी काही वासाची द्रव्यं तयार करतं, काळ्या द्राक्षासारखा, मधासारखा जो वास येतो तो त्यातूनच, त्यालाच मस्काटेल म्हणतात. तैवानमध्ये एक प्रसिद्ध चहा याच किड्याच्या जातभाईंवर चालतो. आता तू सांग, ज्याने कडक कीटकनाशक मारलं त्याच्या बागेत हा वास येणार कुठून? त्या बाईंनी मला असं एक आखडलेलं पान दाखवलं, माझ्या नजरेला ते फेकण्यालायक, आणि त्यांनी ते वेगळ्या फडक्यात बांधून ठेवलं. पण उगाच परीकथा नको हं, किडा फार झाला तर पीकच जातं, आणि लाल कोळी ही दुसरी कीड आली की ऑरगॅनिकवाला कडुलिंबाचं तेल घेऊन धावतोच, कधी वाचतं कधी नाही. रीलमध्ये हे शेवटचं सांगत नाहीत.

नागपूरहून एक वाचक: दार्जिलिंग म्हणून नेपाळचा चहा खपवतात म्हणे. भेसळच ना ही?

नेपाळचा चहा म्हणजे भेसळ नव्हे. नेपाळातल्या इलामचे डोंगर दार्जिलिंगला लागून आहेत, हवा तीच, उंची तीच, भाषा तीच, आणि तिथे छोटे शेतकरीच जास्त, चहा उत्तम असतो. चोरी आहे ती नावाची. दार्जिलिंग हा भारतातला पहिला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, २००४ चा, आणि तो ८७ मळ्यांपुरता. मळ्यांचं उत्पादन घटत चाललंय, २०१७ ला वेगळ्या गोरखालँड राज्याच्या मागणीसाठीचा बंद १०४ दिवस चालला त्यात तर सेकंड फ्लश अख्खा बुडाला, झाडं रानासारखी वाढली, आणि त्या वर्षी जी गिऱ्हाइकं नेपाळकडे गेली ती सगळी परत आली नाहीत. मग कोणीतरी दोन्ही पोती एकत्र करतो आणि दार्जिलिंगच्या भावाने विकतो, यात नेपाळच्या शेतकऱ्यालाही काही मिळत नाही आणि दार्जिलिंगच्यालाही नाही.

गंमत म्हणजे मी जिथे राहिले त्या बाईंची बाग दार्जिलिंगच्या डोंगरात असूनही त्यांना दार्जिलिंगचा लोगो लावता येत नाही, कारण त्या ८७ मध्ये नाहीत. त्यांच्या पाकिटावर फक्त गावाचं नाव, तेही सुनेने स्केचपेनने लिहिलेलं. नेपाळचा चहा नेपाळ म्हणून मिळाला तर बिनधास्त घ्या.

डोंबिवलीहून एक वाचक: पाकिटावर एसएफटीजीएफओपी१ असं लिहिलंय. हे काय पासवर्ड आहे का?

हाहा. स्पेशल फाइनेस्ट टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको, आणि शेवटचा एक म्हणजे वरचा नंबर. पान केवढं, तुटलेलं की अख्खं, कोंब किती, एवढंच त्यात कळतं. ऑरेंज म्हणजे संत्र्याशी संबंध नाही, ऑरगॅनिकशी नाही आणि मजुरीशी तर नाहीच नाही. चहावाले आपसात एफटीजीएफओपीचा फुलफॉर्म 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा सांगतात.

न्यू जर्सीहून एक वाचक: पुढच्या एप्रिलमध्ये भारतात येतोय, हिमाचलमधल्या बीर गावाला पॅराग्लायडिंग करायचं आहे. तिथे चहाच्या बागा दिसतात म्हणे, घ्यावा का तिथला?

घ्या ना. तो कांगडा चहा, पालमपूरच्या आजूबाजूचा, आणि तुम्ही जाताय तो महिना अगदी पहिल्या तोडणीचा. तिथे १८४९ पासून चहा आहे आणि एकेकाळी लंडन-ॲमस्टरडॅमला मेडलं मिळवायचा, पण ४ एप्रिल १९०५ चा भूकंप झाला, फॅक्टऱ्या आडव्या झाल्या, इंग्रज बागा विकून गेले आणि त्या स्थानिकांच्या हातात आल्या, वाटण्या होत होत आता एकेकाकडे तुकडाच उरलाय. बऱ्याच जणांनी तर सोडूनच दिलाय, तोडायला माणूस मिळत नाही. २०२३ ला युरोपियन युनियननेही त्याला जीआय दिला. चव दार्जिलिंगपेक्षा गुळगुळीत, वास कमी. पालमपूरला सहकारी फॅक्टरी आहे तिथे बघायलाही जा, आणि विकत घेताना सगळा कांगडा ऑरगॅनिक असतो असं धरू नका, विचारा. अमेरिकेत नेताना पाकीट सीलबंद ठेवा आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा, उगाच लपवालपवी नको.

सावंतवाडीहून एक वाचक: आमची दोन एकर वरकस जमीन पडून आहे, पाऊस भरपूर, जमीन लाल. चहा लावला तर?

पाऊस भरपूर आहे हो, पण चार महिने. चहाला तो वर्षभर वाटून लागतो, निदान मधेमधे धुकं, सरी. तुमच्याकडे दिवाळीनंतर जे कोरडं पडतं ते थेट मेअखेरपर्यंत, तेवढे महिने पाणी द्यावं लागेल आणि एप्रिलचं ऊन कोवळं पान जाळेल. माती आंबट लागते, ती तुमची असेलही, निचराही असेल, पण झाडं जगली तरी दोन एकरांच्या पानाला फॅक्टरी कुठली? वर सांगलीच्या दादांना लिहिलंय ते वाचा. काजू आहेच तुमच्याकडे, कोकम लावा. आणि विहिरीच्या कडेला गवती चहा असेलच, त्याची चार पाती आणि आल्याचा तुकडा टाकून पाणी उकळा, दूध न घालता, थोडा गूळ घाला. त्याला कोणी फवारलेलं नाही एवढं मी इथे बसून छातीठोकपणे सांगते.